दोनाचे तीन होताना

‘मराठी’ हा शब्द किती लांब आहे? पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला हे विचारलं की उत्तर यायचं १५. तिसऱ्या आवृत्तीला विचारलं की येतं ५. डोळ्यांना तर अक्षरं तीनच दिसतात. तिसरी आवृत्ती म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच घटक मोजते. दुसरी आवृत्ती मोजायची ते बाइट, म्हणजे शब्द साठवायला लागणारी जागा. आणि यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. रोमन लिपीत ‘पुणे’ लिहिलं, तर मात्र दोन्ही आवृत्त्यांचं उत्तर एकच: ४.

मजकूर म्हणजे बाइट की अक्षरं, या प्रश्नाचं उत्तर पायथनने बदललं आणि त्यापायी जगभरच्या प्रोग्रामरांचं जवळपास एक तप खर्ची पडलं. पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ रोजी. पायथन २ अधिकृतपणे निवृत्त झालं १ जानेवारी २०२० रोजी. त्याची शेवटची आवृत्ती, २.७.१८, त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. मधल्या काळात दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकीत लिहिलेला प्रोग्राम दुसरीत चालेलच याची खात्री नव्हती.

अशा बदलाला या धंद्यात ‘ब्रेकिंग चेंज’ म्हणतात. काल चालणाऱ्या कोडमध्ये आपण एक ओळही बदललेली नसते, आज तो चालत नाही. कारण ज्याच्यावर तो उभा आहे ते बदललं. ज्याच्यावर उभा आहे, ती झाली ‘डिपेन्डन्सी’. कुठलाही प्रोग्राम आज एकटा नसतो. तारखा वाचायला एक लायब्ररी, डेटाबेसशी बोलायला दुसरी, पीडीएफ काढायला तिसरी, आणि त्या प्रत्येकीच्या पोटात आणखी चार. सातबाऱ्यावर वारसांची नावं वाढत जावीत आणि त्यातली निम्मी माणसं कुणी पाहिलेलीही नसावीत, तशी ही यादी असते. आपण दहा नावं लिहितो. इन्स्टॉल करायला गेलं की शेकडो उतरतात.

पुण्यामुंबईत सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या कितीतरी जणांचा दिवस या यादीशी झगडण्यात जातो. घरी विचारलं तर ‘सपोर्टचं काम आहे’ एवढंच सांगितलं जातं. या कामाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून पायथनची गोष्ट तपशिलात सांगावीशी वाटते. माझं मत आधीच नोंदवतो: तो बदल करणं बरोबर होतं, तो लोकांच्या गळी उतरवायची पहिली रीत चुकीची होती, आणि ती चूक ज्या रीतीने दुरुस्त झाली ती रीत आपल्या प्रत्येक प्रोजेक्टला लागू पडते.

बदल बरोबर का होता, हे मराठी माणसाला लवकर पटेल. पायथन २मध्ये मजकूर ठेवायच्या दोन तऱ्हा होत्या: साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसते बाइट, आणि वेगळी युनिकोड स्ट्रिंग. दोन्ही एकत्र आल्या की पायथन मुकाट्याने एकीचं दुसरीत रूपांतर करायचं, आणि ते करताना मजकूर ॲस्कीतला आहे असं धरून चालायचं. ॲस्की म्हणजे रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं वगैरे मिळून १२८ चिन्हं. ग्राहकांची नावं रोमन लिपीत असेपर्यंत प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालायचा. मग एके दिवशी कुणीतरी फॉर्ममध्ये ‘सुलभा’ असं देवनागरीत भरलं की प्रोग्राम कोसळायचा. पडद्यावर तक्रार यायची ती अशा अर्थाची: ॲस्कीला ‘ई०’ हा बाइट उलगडता येत नाही, तो १२८च्या आत बसत नाही.

हा ‘ई०’ म्हणजे आपलीच खूण. देवनागरीचं कुठलंही अक्षर यूटीएफ-८मध्ये ई०नेच सुरू होतं. बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड, मल्याळम यांचंही तसंच. म्हणजे परीक्षा झालेली असायची इंग्रजी नावांवर, आणि प्रोग्राम पडायचा तो आपल्या नावांवर. याहून वाईट म्हणजे काही वेळा तो पडायचाच नाही. यादीत बसावं म्हणून कुणी नाव पहिल्या दहा बाइटांवर कापलं, तर तीन घटक पूर्ण आणि चौथ्याचा एक तृतीयांश तुकडा एवढंच उरायचं, आणि त्या तुकड्याच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह छापलं जायचं. मराठीतून काही लिहू पाहणाऱ्या प्रत्येक पायथन फाइलच्या डोक्यावर ‘या फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारी ओळ घालावी लागे. ती विसरली की साध्या टिपणीतल्या एका मराठी शब्दावरूनही फाइल नाकारली जायची. पायथन ३ने हे सगळं मुळातून सोडवलं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरं, बाइट म्हणजे बाइट, दोन्ही आपोआप मिसळणार नाहीत, आणि फाइल यूटीएफ-८मध्ये आहे असंच धरलं जाईल. इंग्रजीत काम करणाऱ्या अनेकांना हा बदल निष्कारण वाटला, कारण त्यांचं काही अडत नव्हतं. आपलं अडत होतं.

पण मोडलं ते एवढंच नाही. ‘प्रिंट’ ही पूर्वी आज्ञा होती, ती फंक्शन झाली. म्हणजे पुढे कंस घालणं आलं. हा बदल त्रासदायक खरा, पण तो गोंगाट करतो. कंस नसला की प्रोग्राम सुरूच होत नाही आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेही कळतं. मला भीती वाटते ती मुक्या बदलांची. पायथन २मध्ये ३ भागिले २ म्हणजे १ होतं, पायथन ३मध्ये १.५. कुठलाही इशारा नाही. २.५ पूर्णांकात आणा म्हटलं की जुनी आवृत्ती ३ द्यायची, नवी २ देते. कारण नव्या रीतीत बरोब्बर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने ही रीत चांगली आहे, कारण हजारो बेरजांमध्ये एकाच दिशेला होणारी चूक टळते. पण व्याजाची वा पगाराची आकारणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये हा फरक रुपया-रुपयाने साठत जातो आणि महिनाअखेरीला ताळेबंद जुळत नाही. ‘मॅप’ नावाचं फंक्शन पूर्वी यादी द्यायचं; आता ते एकदाच वाचता येणारा प्रवाह देतं. पहिल्यांदा वाचलं की तो संपतो. दुसऱ्यांदा त्यावरून फिरणारा कोड काहीही तक्रार न करता शून्य वेळा फिरतो.

अशा मुक्या बदलांपासून वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या. अपग्रेड करायचं ठरल्यावर चाचण्या लिहायला बसलं, तर नव्या वागणुकीलाच आपण बरोबर म्हणून मोकळे होतो. जुन्या आवृत्तीवर, जुनं उत्तर काय येतं ते नोंदवून ठेवायचं असतं. हे काम कंटाळवाणं आहे. पण संपूर्ण स्थलांतराचा भार त्याच्यावरच असतो.

आता रीतीकडे. २००६पासून पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम आणि सहकाऱ्यांनी ‘पायथन ३०००’ या नावाने आराखडा मांडायला सुरुवात केली. भाषेत साचलेल्या चुका एकाच घावात काढून टाकायच्या, ही त्यामागची कल्पना. लोकांनी काय करायचं? कोड पायथन २मध्येच ठेवायचा आणि ‘टू-टू-थ्री’ नावाच्या यंत्राने तो दर वेळी तिसऱ्या आवृत्तीत उतरवून घ्यायचा. हळूहळू दुसरी सोडून द्यायची. कागदावर हे बरं दिसत होतं. प्रत्यक्षात यंत्राने उतरवलेला कोड कुणाच्याच ओळखीचा राहायचा नाही. चूक दिसायची तिसऱ्या आवृत्तीतल्या फाइलमध्ये, आणि ती दुरुस्त करायची दुसऱ्या आवृत्तीतल्या मुळात. शिवाय मजकूर कुठे बाइट आहे आणि कुठे अक्षरं आहेत, हे यंत्राला कळायला मार्गच नव्हता. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

त्यातून चक्र तयार झालं. कंपन्या म्हणायच्या, आम्हाला लागणाऱ्या लायब्ररी पायथन ३वर नाहीत, आम्ही कसे जाणार? लायब्ररीवाले म्हणायचे, आमचे वापरकर्ते पायथन २वर आहेत, आम्ही कुणासाठी बदलायचं? प्रमुख लायब्ररींपैकी कोण तिकडे गेलं आणि कोण नाही, हे हिरव्या-लाल पट्ट्यांत दाखवणारी एक सार्वजनिक यादी होती; तिचं नाव ‘वॉल ऑफ शेम’. बहुसंख्य पट्ट्या हिरव्या झाल्यावर ते बदलून ‘वॉल ऑफ सुपरपॉवर्स’ केलं गेलं. पण लाज काढून फार लोक हलतात असं मला वाटत नाही. कोंडी फुटली ती वेगळ्याच गोष्टींनी.

पहिली म्हणजे बेंजामिन पीटरसन यांची ‘सिक्स’ ही छोटीशी लायब्ररी. नाव दोन गुणिले तीन यावरून. तिच्या आधाराने एकच कोड असा लिहिता यायचा की तो दोन्ही आवृत्त्यांवर चालेल. दुसरी गोष्ट एका अक्षराची. पायथन २मध्ये युनिकोड मजकूर लिहिताना अवतरणचिन्हाआधी ‘यू’ लावत. पायथन ३ला त्याची गरज नव्हती, म्हणून ३.०मध्ये तो काढून टाकला. परिणाम असा की ज्यांनी नीट काळजी घेऊन सगळीकडे ‘यू’ लावला होता, त्यांचाच कोड सर्वांत जास्त मोडला. आर्मिन रोनाखर यांनी निक कॉगलन यांच्यासोबत प्रस्ताव मांडला की हा ‘यू’ परत आणा. त्याचा अर्थ काही नसला तरी चालेल, पण तो दिसला म्हणून अडवू नका. २०१२च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीत तो परत आला. भाषेच्या शुद्धतेच्या दृष्टीने ही माघार होती. माझ्या मते सगळ्या स्थलांतरातला हा सर्वांत शहाणा निर्णय. उंबरठा एका बोटाने खाली आला आणि रोजचं काम थांबवल्याशिवाय तो ओलांडता येऊ लागला.

त्याच वेळी मागचं दारही बंद झालं. ‘पायथन २.८ निघणार नाही’ असं सांगणारा एक अधिकृत दस्तऐवज आहे. त्याला मुद्दाम ४०४ हा क्रमांक दिला, वेबवर पान सापडत नाही तेव्हा दिसतो तोच. २.७ची मुदत आधी २०१५ होती, ती २०१४मध्ये वाढवून २०२० केली गेली. मुदतवाढीवर पुष्कळ टीका झाली. पण पाच वर्षांची निश्चित तारीख हातात आल्यावर वरच्या साहेबांकडे बजेट मागता येतं, ‘कधीतरी संपणार आहे’ एवढ्यावर मागता येत नाही. मोठ्या लायब्ररींनी ती तारीख उचलून धरली. वेबसाइट बांधायच्या जँगो या लायब्ररीने २०१७च्या डिसेंबरमध्ये २.० आवृत्ती काढली ती फक्त पायथन ३साठी. नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब या विज्ञानक्षेत्रातल्या लायब्ररींनी २०२०पर्यंत पायथन २ सोडण्याची एकत्रित घोषणा केली. चक्र उलटं फिरलं: आता मागे राहणाऱ्याला लायब्ररी मिळेनाशा झाल्या.

कंपन्यांच्या पातळीवर इन्स्टाग्रामचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. २०१७च्या पायकॉन परिषदेत लिसा गुओ आणि हुई डिंग यांनी ते मांडलं. त्यांनी स्थलांतरासाठी कोडची वेगळी प्रत, म्हणजे शाखा, काढली नाही. रोजचं काम चालतं त्याच मुख्य शाखेत, बाकीचे लोक नवी फीचर्स टाकत असताना, हे काम केलं. नियम असा की पायथन ३वर न चालणारी एकही नवी लायब्ररी आत येणार नाही. जुन्यांपैकी जी वापरातच नाही ती सरळ काढून टाकायची. वर्षभराच्या आत ते पलीकडे होते. ड्रॉपबॉक्सला, जिथे खुद्द गिडो नोकरीला होते, डेस्कटॉपवरचा प्रोग्राम पलीकडे न्यायला तीन वर्षं लागली. हे मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. लाखो लोकांच्या संगणकांवर बसलेला प्रोग्राम आणि आपल्याच सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, यांच्यातलं अंतर त्या आकड्यांत दिसतं.

वेगळी शाखा काढू नका, हा मुद्दा इथल्या टीम लीडांनी भिंतीवर लावावा असा आहे. आपल्याकडे अपग्रेडचं काम बहुधा असं चालतं: दोन माणसं बाजूला काढायची, त्यांना एक शाखा द्यायची आणि ‘झालं की सांगा’ म्हणायचं. इकडे मुख्य शाखेत रोज नवा कोड पडत राहतो. तिकडे ती दोघं जेवढं दुरुस्त करतात, तेवढंच रोज नव्याने मोडतं. शेवटी विलीन करायची वेळ येते तेव्हा फरक इतका वाढलेला असतो की मॅनेजर म्हणतात, पुढच्या क्वार्टरला बघू. त्या दोघांच्या अप्रेझलच्या फॉर्मात लिहायला काही नसतं, कारण क्लायंटला पडद्यावर काही नवीन दिसलेलं नसतं. हे काम करणारी मुलं हुशार असतात, चिकाटीची असतात, आणि त्यांच्या वाट्याला हा अन्याय येतो. मला त्याचा राग येतो.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे वाक्य या धंद्यात मंत्रासारखं म्हटलं जातं. त्याला एक तंत्रही आहे: प्रत्येक डिपेन्डन्सीचा नेमका आवृत्तीक्रमांक ‘लॉक फाइल’मध्ये बांधून ठेवायचा, म्हणजे आज उतरलं तेच उद्याही उतरेल. ते करायलाच हवं. २२ मार्च २०१६ला अझर कोचुलु या प्रोग्रामरने ‘किक’ या नावावरून झालेल्या वादानंतर एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होतं, शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून त्याला ठरावीक लांबीचा करणारं, अवघ्या अकरा ओळींचं. बॅबेलसारखी नावाजलेली साधनं कुठल्यातरी खोल पातळीवर त्याच्यावर उभी होती, आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. क्रमांक बांधून ठेवलेल्यांनाही त्या दिवशी फायदा झाला नाही, कारण पॅकेजच जागेवर नव्हतं. ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली होती ते वाचले. एनपीएमने काही तासांत ते परत ठेवलं आणि नंतर पॅकेज काढून घेण्यावर मर्यादा घातली.

पण लॉक फाइल काळ थांबवत नाही. ती वाईट बदल बाहेर ठेवते, तशा दुरुस्त्याही बाहेरच ठेवते. अपाची स्ट्रट्स या जावा लायब्ररीतल्या एका गंभीर भेगेची दुरुस्ती ७ मार्च २०१७ला उपलब्ध झाली होती. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमापन कंपनीत ती सगळीकडे लागली नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत होते, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०२१च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत तशीच भेग उघडी पडली. त्या आठवड्यात टीम रात्री जागल्या त्या दुरुस्ती अवघड होती म्हणून नव्हे. आपल्या कुठल्या प्रोग्रामच्या पोटात, कितव्या पातळीवर, ती लायब्ररी बसली आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं. काही जण तर सुटकेचा निःश्वास टाकत होते, कारण त्यांच्याकडे लॉगफोरजेची पहिली मालिका होती आणि ही विशिष्ट भेग दुसऱ्या मालिकेत होती. पहिल्या मालिकेचा आधार २०१५च्या ऑगस्टमध्येच संपलेला, आणि तिच्यात भेगा होत्या त्या वेगळ्या. जुनं म्हणून सुरक्षित, हा निष्कर्ष त्या आठवड्यात मी बऱ्याच ठिकाणी ऐकला. तो घातक आहे.

काही मोडतोड तर तांत्रिक कारणाशिवाय होते. मोठ्या संस्थांसाठीचं जावा ओरॅकलने २०१७मध्ये इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण ‘जावा’ या नाममुद्रेच्या वापरावर समझोता झाला नाही. म्हणून ‘जावाएक्स’ने सुरू होणारी नावं २०२०मध्ये ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. काम तेच, वागणूक तीच, फक्त नाव वेगळं. पण संगणकाला नावच कळतं. जावातल्या स्प्रिंग बूट या साधनाने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिसरी आवृत्ती काढताना जकार्ता स्वीकारलं, सोबत जावा १७ची अट घातली, आणि पुढच्या वर्षी जुन्या २.७चा मोफत आधार संपला. वरकरणी हे ‘शोधा आणि बदला’ एवढंच काम. तसं केलं की बिल्ड लगेच फुटतो, कारण ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’सारखी काही नावं मूळ जावाचाच भाग आहेत आणि ती जावाएक्सच राहिली. कुठलं नाव गेलं आणि कुठलं राहिलं, हे यादी घेऊन तपासावं लागतं. आणि एखादी जुनी लायब्ररी, जिच्या लेखकाने केव्हाच काम सोडलं, ती आतून अजून जुन्याच नावाने हाक मारत असते. ती बदलायला कुणी नसतं.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांना अशा बदलाचा एक नमुना घरचाच आहे. युनिकोड येण्याआधी मराठी मजकूर जुळायचा तो ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकच्या ‘सुरेख’सारख्या फॉन्टांत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हांचेच क्रमांक असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा द्यायचा. प्रत्येक फॉन्टघराची मांडणी वेगळी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच कविता निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसायची. पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी हाताळत नसे, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. त्यामुळे कितीतरी प्रकाशकांचे जुने अंक त्या फाइलींत अडकून पडले. रूपांतर करणारी साधनं निघाली, पण ती हमखास अडखळतात पहिल्या वेलांटीवर आणि रफारावर. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. रफार दिसतो शेवटी, पण युनिकोडमध्ये त्याचा र सर्वांत आधी येतो. ‘धर्मिष्ठ’ असा एक शब्द घेतला तरी दोन्ही उलटापालटी एकदम कराव्या लागतात. इथे ‘सिक्स’सारखा दुवा कुणी बांधला नाही, २०२०सारखी तारीख कुणी दिली नाही. ज्याने त्याने आपापलं पाहिलं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचं साहित्य पुन्हा टाइप होण्याची वाट बघत पडून आहे.

युनिकोडने स्वतः हा धडा फार लवकर घेतला. १९९६च्या २.० आवृत्तीत कोरियन अक्षरं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेली, आणि आधी साठवलेला कोरियन मजकूर निकामी झाला. त्यानंतर नियम झाला: एकदा दिलेला क्रमांक कधीही हलणार नाही, काढला जाणार नाही. म्हणून २००८मध्ये ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे आलं ते रिकाम्या जागी. त्याआधी लोक अ आणि चंद्र जोडून ते लिहीत. तो जुना मजकूर तसाच वैध राहिला. याचीही किंमत आहे. एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲ’ शोधला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडत नाही. पण ही किंमत शोधयंत्र लिहिणारा मोजतो, मजकुराचा मालक मोजत नाही. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

पायथननेही आता शिस्त बांधून घेतली आहे. दर ऑक्टोबरात एक आवृत्ती, तिला पाच वर्षं आधार, आणि काही काढायचं असेल तर निदान दोन आवृत्त्या आधी इशारा. तरीही लोक पडतात. ‘कलेक्शन्स’ या मॉड्यूलमधली ‘मॅपिंग’सारखी काही नावं २०१२मध्ये ३.३ने नव्या घरी नेली आणि जुना पत्ता चालू ठेवला. तो बंद झाला २०२१च्या ऑक्टोबरात, ३.१०मध्ये. नऊ वर्षं मिळूनही त्या दिवशी पुष्कळ लायब्ररी मोडल्या. कारण असे इशारे एरवी झाकूनच ठेवलेले असतात, सामान्य वापरकर्त्याला त्रास नको म्हणून. आणि प्रोग्रामरने ते मुद्दाम चालू केले नाहीत तर त्यालाही दिसत नाहीत. आपल्या रोजच्या चाचण्या इशारे चालू ठेवून, जमल्यास इशाऱ्यालाच चूक मानून चालवणं, एवढी एक सवय लावली तरी पुढच्या दोन वर्षांतली मोडतोड आज दिसते. त्याच ३.१०ने आणखी एक गमतीशीर वाटणारी पण तास खाणारी अडचण आणली. यामल पद्धतीच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हाशिवाय ३.१० लिहिलं की तो दशांश अपूर्णांक समजला जातो, शेवटचं शून्य गळतं आणि यंत्र ३.१ शोधत बसतं.

माझ्या अनुभवात टिकते ती एकच पद्धत: एका वेळी एक पायरी. ३.८वरून थेट ३.१३वर उडी घेतली आणि काही मोडलं, तर पाच आवृत्त्यांच्या बदलनोंदी चाळाव्या लागतात. ३.९वर थांबून, चाचण्या हिरव्या करून, ते क्लायंटकडे पोचवून मग ३.१० घेतलं, तर दर खेपेला संशयित मोजकेच असतात. अपग्रेड आणि नवं फीचर एकाच रिलीजमध्ये कधीही घालू नये. काही बिघडलं तर दोष कुणाचा ते कळत नाही आणि दोन्ही मागे घ्यावी लागतात. आणि वर्षातून एकदा यादी घेऊन बसावं व प्रत्येक नावापुढे विचारावं, हे अजून लागतं का? अकरा ओळींसाठी पॅकेज घेण्यापेक्षा त्या ओळी आपण लिहाव्यात. या सगळ्याला लागणारे दिवस एस्टिमेटमध्ये उघडपणे, वेगळ्या ओळीत मांडावेत. क्लायंट विचारेल कशासाठी. त्याला स्ट्रट्सची तारीख सांगावी.

पायथनपुढे आता पुन्हा तसाच प्रसंग आहे. एका वेळी एकाच धाग्याला काम करू देणारं एक कुलूप या भाषेच्या गाभ्यात सुरुवातीच्या वर्षांपासून आहे; ‘जिल’ म्हणतात त्याला. ते काढलं तर आजच्या अनेक गाभ्यांच्या संगणकांवर प्रोग्राम खरोखर समांतर धावू शकतात, पण त्या कुलपाच्या भरवशावर लिहिलेल्या सी भाषेतल्या असंख्य लायब्ररी अडचणीत येतात. २०२३च्या जुलैमध्ये पायथनच्या सुकाणू समितीने हा बदल स्वीकारण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा पायथन ३ची पुनरावृत्ती होऊ देणार नाही हे त्याच निवेदनात बजावलं. २०२४च्या ३.१३मध्ये कुलूप नसलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, २०२५च्या ३.१४मध्ये तिला अधिकृत आधार मिळाला, पण ऐच्छिक. नेहमीची आवृत्ती शेजारी तशीच आहे. कुलूप नसलेलीच मुख्य करायचा टप्पा त्यानंतरचा, आणि तो घेण्याआधी लोकांच्या वापरातल्या लायब्ररी दोन्हींवर चालताना दिसल्या पाहिजेत. २००८मध्ये भाषा आधी गेली होती आणि लायब्ररींनी मागून यायचं होतं. या वेळी क्रम उलटा ठेवलेला आहे.